बाईंची वही

एप्रिलच्या १४ तारखेपुढे बाईंच्या वहीत लिहिलं होतं, 'चालणे ३० मिनिटे. खुर्चीवरून उठबस १० × २. जिना ३ वेळा.' पुढे बरोबरची खूण. अक्षर नेहमीसारखं टपोरं, फळ्यावर शोभेल असं. त्या दिवशी बाई तळेगावला बहिणीकडे होत्या. सकाळचं सेशन त्यांनी त्याच कारणानं रद्द केलं होतं. बहिणीचं घर बैठं आहे, हेही त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. तिथे जिना नाही.

मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात घरोघरी जाऊन पर्सनल ट्रेनिंग देते. या कामाला ११ वर्षं झाली. माझे बहुतेक क्लायंट पन्नाशीच्या पुढचे. कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाचे गुडघे, आणि बऱ्याच जणांना तिन्ही. 'क्लायंटला मोटिव्हेट कसं ठेवायचं' हा आम्हा ट्रेनर लोकांच्या गप्पांतला कायमचा विषय. बाईंचं प्रकरण मी सविस्तर लिहून काढते आहे, कारण त्यांच्याकडे असलेला उत्साह मीच कसा संपवत आणला हे त्यात मला स्पष्ट दिसलं. लिहायला बाईंची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिले पाच आठवडे

बाई ६१ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत ३३ वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्या मात्र मला 'मॅडम' म्हणायच्या. त्यांच्या मुलीपेक्षा मी दोनच वर्षांनी मोठी, तरी मॅडम आणि अहो-जाहो. तेव्हा मला ते मानाचं वाटलं.

उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या पुढचा घेर धोक्याचा धरतात. मधुमेह ९ वर्षांपासून, एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ८.१. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ. दोन्ही गुडघ्यांत झीज सुरू झालेली, उजवा जास्त दुखरा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नुसत्या चालण्यानं भागणार नाही, स्नायूंची ताकद वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही तेच सांगतात : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि निदान दोन दिवस ताकदीचा.

पहिल्या दिवशी मी खुर्चीची चाचणी घेतली. हात छातीशी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ च्या खाली आकडा आला तर तो सरासरीपेक्षा कमी. बाईंचा आला ७.

पॅकेज मुलीनं टोरांटोहून घेतलं होतं. १२ आठवडे, ३६ सेशन्स, सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी साडेसहा. तिनं आमच्या तिघींचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला आणि दर रविवारी आईची प्रगती कळवायला सांगितलं. मी आनंदानं हो म्हटलं. घरचं माणूस लक्ष घालतंय म्हणजे क्लायंट टिकणार, असा माझा तोवरचा हिशेब. बाई शिक्षिका, म्हणून मी एक तक्ता करून दिला. ठरलेलं सगळं झालं की त्या दिवसापुढे एक तारा, २० तारे झाले की एक सेशन माझ्याकडून फुकट. मधल्या दिवसांचा व्यायाम लिहायला एक शंभर पानी वही. बाईंनी तक्ता फ्रिजवर लावला, वहीला खाकी कव्हर घातलं.

पहिल्या पाच आठवड्यांत १५ पैकी १४ सेशन्स झाली.

घसरण

मार्चअखेरीला सकाळी सहाच्या सुमाराला मेसेज यायला लागले. 'मॅडम, आज जमणार नाही. सॉरी.' एकदा पाहुणे, एकदा गुडघा, एकदा झोप झाली नाही. सहाव्या आठवड्यात दोन सेशन्स झाली, आठव्यात एक.

मी काय केलं ते क्रमानं सांगते. आदल्या रात्री आठवण करणारा मेसेज सुरू केला. सकाळी सुविचार पाठवले. 'बाई, दिवसातला एक तास फक्त स्वतःसाठी!' असं लिहिलं. साठी उलटलेल्या दुसऱ्या एका क्लायंटचे आधीचे आणि नंतरचे फोटो, तिला विचारून, पाठवले. रविवारच्या अहवालात 'या आठवड्यात १/३, पुढच्या आठवड्यात जोर लावू' असं लिहिलं. प्रत्येक गोष्ट चांगल्या मनानं केली होती आणि प्रत्येक गोष्टीनंतर बाई थोड्या आणखी लांब गेल्या.

गंमत वाटावी इतकी वही मात्र भरलेली होती. रोज चालणे, रोज उठबस. पण आठव्या आठवड्यात खुर्चीची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा आकडा आला ८. वहीत लिहिलेलं खरं असतं तर तो १० च्या पुढे जायला हवा होता. मी पानं मागे चाळली. आठ-आठ दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. आणि मग ती १४ तारीख.

"बाई, तळेगावला जिना कुठे होता?" मी विचारलं.

बाईंनी वही मिटली. "बरोबर आहे तुमचं, मॅडम," एवढंच म्हणाल्या. पुढचे अकरा दिवस सेशन नाही, फोन नाही, मेसेजला उत्तर नाही. माझ्या नोंदवहीत मी त्या आठवड्यात लिहिलं, 'क्लायंट सहकार्य करत नाही.' ते वाक्य मी खोडलेलं नाही. अधूनमधून वाचते.

चार वाजताचा चहा

बाराव्या दिवशी दुपारी चारला मी बँड, डंबेल काहीच न घेता गेले. दारातच सांगितलं, "बाई, व्यायामाचं बोलायला नाही आले. माझं काय चुकलं ते विचारायला आलेय."

त्यांनी आत घेतलं, बिनसाखरेचा चहा टाकला, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. मग स्वतःच विषय काढला.

"वर्गात मी कधी छडी उगारली नाही. पण गृहपाठ झाला नसला की माझा चेहरा पडायचा. पोरांना ते बघवायचं नाही, मग शेजारच्याची वही उतरवून काढायची. मला कळायचं, पण मी बरोबरची खूण करायचे. आता तुमचा चेहरा पडायला लागला. आणि रविवारी तुम्ही तिकडे आकडे पाठवता, की रात्री लेकीचा फोन. 'आई, एकच?' ती तिकडे एवढे पैसे भरतेय माझ्यासाठी. मग मी लिहून टाकायला लागले."

मी काही बोलले नाही. बोलायला काही नव्हतंही. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी खरी हादरले. मार्चमध्ये दोनदा, मी गेल्यावर, त्यांचे हात थरथरले होते आणि दरदरून घाम आला होता. त्यांनी गूळ खाल्ला आणि पडून राहिल्या. रात्रीचं जेवण साडेसातला, तेही हलकं, त्याआधी गोळी, आणि सकाळी साडेसहाला रिकाम्या पोटी माझे स्क्वॉट. ग्लिमेपिराइडनं साखर खाली जाऊ शकते हे मला माहीत होतं. पहिले दोन आठवडे मी सेशनआधी साखर तपासायला लावलीही होती. आकडे ठीक येत राहिले म्हणून मी ते बंद केलं. ही माझी चूक, आणि या प्रकरणातली सगळ्यात गंभीर. "मला सांगितलं का नाहीत?" असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला असता, रात्री नीट जेवत जा. आणखी एक गृहपाठ."

ज्या रद्द झालेल्या सेशन्सना मी आळस किंवा घटलेला उत्साह समजत होते, त्यातली निदान काही भीतीनं रद्द झाली होती. भीती अगदी योग्य होती. त्याच आठवड्यात बाईंबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी संध्याकाळची गोळी बदलली आणि व्यायाम दुपारच्या खाण्यानंतर ठेवायला सांगितला.

चहा संपता संपता मी त्यांना दोन प्रश्न विचारले. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांची समुपदेशनाची एक पद्धत आहे. मिलर यांनी ती १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्या लोकांबरोबरच्या कामातून मांडली. मी ती एका कार्यशाळेत शिकले होते आणि वापरत मात्र नव्हते. पहिला प्रश्न : अंगात ताकद येणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा? बाई म्हणाल्या, नऊ. दुसरा : जमेल असं किती वाटतं? तीन.

इथे माझ्या तोंडावर नेहमीचं वाक्य आलं होतं, 'तीनच का? तुम्हाला नक्की जमेल!' समोरच्याला लगेच दुरुस्त करायची जी ऊर्मी असते ती आवरायची, हा त्या पद्धतीतला सगळ्यात अवघड भाग आहे. मी विचारलं, "तीन का? शून्य का नाही?" असं विचारलं की माणूस स्वतःच्या बाजूची कारणं स्वतः शोधायला लागतो. बाईंनी विचार केला. "३३ वर्षं दिवसाला पाच-सहा तास उभी राहिलेय मी. पाय आहेत माझे, गेलेले नाहीत." आणि नऊ का, हे मी न विचारताच आलं.

"गेल्या वर्षी गौरीपूजनाला मी खाली बसले. आरतीला उठता येईना. दोघी सुनांनी काखेत हात घालून उठवलं, सगळ्या सवाष्णींसमोर. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची आरती, तर मला खुर्ची मांडून ठेवलेली. पूजा जावेनं केली. कुणी वाईट बोललं नाही गं. पण आमच्या घरात गौरी उभ्या करते ती मी."

'मॅडम' गेलं होतं, 'गं' आलं होतं. आठ आठवड्यांच्या माझ्या तक्त्यात, अहवालात, ध्येयाच्या रकान्यात कुठेही गौरी नव्हत्या. तिथे लिहिलं होतं 'वजन ६ किलो कमी करणे'. ते ध्येय मुलीनं फॉर्ममध्ये भरलं होतं.

ताऱ्यांचा तक्ता का उतरवला

अमेरिकेत एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या सत्रात सोडवलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळाले. पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळेत, तेच विद्यार्थी कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावर मोठी मांडणी केली. माणसाची आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात, असं ते म्हणतात : हे मी ठरवलंय ही भावना, मला हे येतंय ही भावना, आणि आपल्या माणसांशी जोडलेपण. बाईंच्या बाबतीत ठरवणारी मुलगी, मोजणारी मी, आणि जोडलेपण म्हणजे रविवारचा अहवाल. तारे देऊन मी शिक्षिकेला विद्यार्थिनी केलं होतं.

बक्षिसं कधीच देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. तिशीतल्या एका आयटीतल्या मुलाला माझे छोटे पैजेचे खेळ आवडतात आणि त्यानं त्याचं बरं चाललंय. पण ज्याला आधीच कुणाची तरी निराशा होईल याचं ओझं आहे, त्याच्यापुढे तारा ठेवला की न मिळालेला ताराच मोठा दिसतो.

मुलीशी बोलणं सोपं गेलं नाही. "मग मला कळणार कसं?" तिनं विचारलं. पैसे भरणाऱ्या माणसाचा तो रास्त प्रश्न आहे, आणि ती तिथे बसून आईची काळजीच करत होती. मी म्हटलं, "आईला विचारा. किती केलं असं नको, आज काय जमलं असं विचारा. आकडे मी त्यांच्याकडे देईन, त्यांना वाटलं तर त्या सांगतील." ती दोन दिवस गप्प होती. मग ग्रुप तिनंच बंद केला.

पाटापर्यंत

मे महिन्यात नव्यानं सुरू केलं. आठवड्याला दोन सेशन्स, संध्याकाळी पाचला, पाऊण तास. सेशनआधी साखर तपासणं पक्कं, जवळ ग्लुकोजची पावडर. वहीचा नियम एकच : झालं नाही तर 'नाही' लिहायचं, कारण लिहायचं नाही. त्या 'नाही'वर मी काही बोलणार नाही, हे मी कबूल केलं. पहिले तीन-चार 'नाही' वाचताना मला गप्प राहणं जड गेलं.

ध्येय एकच ठेवलं. जमिनीवरून, कुणाच्या आधाराविना उठायचं. ते उठणं आम्ही तुकड्यांत मोडलं. आधी खुर्ची, मग मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल, मग एकावर एक दोन पाट, मग जमीन. जमिनीवर मांडीतून एका कुशीला वळायचं, दोन्ही हात टेकून रांगत्या अवस्थेत यायचं, डावा, म्हणजे बरा पाय पुढे रोवायचा, उजवा गुडघा घडी केलेल्या गोधडीवर, हाताचा दाब स्वतःच्या मांडीवर, आणि वर. बरोबर पलंगावर पडून कंबर उचलणं, पायरी चढ-उतार, आणि पाच किलो पिठाची पिशवी एका हातात धरून हॉलमध्ये फेऱ्या. गुडघ्याचं दुखणं दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलं पाहिजे, असं ठरवलं.

घरच्या व्यायामाची वेळ बाईंनीच शोधली. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि उठबस करायची. 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधी बांधून ठेवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अभ्यासून दाखवलं आहे. बाईंना त्यांचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "घंटा झाली की रांग. शाळा त्यावरच चालते."

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारायची कल्पना माझी, पण ती रुजली ग्लुकोमीटरमुळे. एकदा फेऱ्या न मारता दोन तासांनी साखर पाहिली, २१४. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, वर फेऱ्या, १७१. असं चार-पाच दिवस त्यांनी स्वतः करून पाहिलं आणि आकडे मला फोनवर वाचून दाखवले. मी पाठवलेल्या सगळ्या सुविचारांपेक्षा त्या यंत्राचा उपयोग जास्त झाला. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात हे मी आधीही सांगितलं होतं. ते आता त्यांचं स्वतःचं माहीत असणं झालं.

२१ दिवसांत सवय लागते, असं आमच्या क्षेत्रात सर्रास सांगतात. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जननं १९६० मध्ये नोंदवलेल्या निरीक्षणात आहे, आणि ते निरीक्षण रुग्ण आपल्या बदललेल्या रूपाला सरावण्याबद्दल होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या खऱ्या सवयी मोजल्या. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसातला फरक १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्यानं सवय बनण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसलं. बाईंना मी यातलं हे शेवटचं सांगितलं. २१ दिवसांचा वायदा मी आता कुणालाच करत नाही. बाविसाव्या दिवशी जड वाटलं की माणूस स्वतःला दोष देतो आणि सोडून देतो.

जुलैत एक माघार झाली. उत्साहाच्या भरात बाई एका दिवसात सहा वेळा चार मजले चढल्या-उतरल्या. उजवा गुडघा सुजला. नऊ दिवस काही नाही. पण या वेळी फोन त्यांचाच आला, त्याच संध्याकाळी. "अगं, मी जरा जास्तच केलं." मार्चमध्ये असा फोन आला असता तर घामाची आणि थरथरीची गोष्ट मला दोन महिने आधी कळली असती.

ऑगस्टमध्ये पाट संपले, जमीन आली. शेवटचे दोन आठवडे आम्ही साडी नेसून सराव केला. ही सूचना बाईंची. पंजाबी ड्रेसमध्ये जो पाय सहज पुढे जातो, तो परकर आणि काठपदरात अडकतो. निऱ्या आधी डाव्या हातानं वर घ्याव्या लागतात. मला हे सुचलं नसतं.

गौरी

गौरीपूजनाच्या रात्री साडेदहाला फोन आला. पूजेला बसून त्या आरतीला एकट्या उठल्या. नैवेद्याच्या वेळी पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला चाळीसेक बायका येऊन गेल्यावर तिसऱ्यांदा पाय थकले. "तेव्हा जावेचा हात घेतला," त्या म्हणाल्या. "पण मी मागितला म्हणून तिनं दिला."

सप्टेंबरमध्ये खुर्चीची चाचणी १२. एचबीए१सी ७.२, यात बदललेल्या गोळीचा वाटा किती आणि पायांचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. वजन ६९.४. म्हणजे फॉर्ममधल्या सहा किलोंपैकी दीड किलो. जुना रविवारचा अहवाल चालू असता तर त्यात हे प्रकरण अपयशात जमा झालं असतं.

पितृपक्षात वहीत जवळजवळ सगळं 'नाही' होतं. नवरात्रात पुन्हा सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये बाईंनी स्वतःच सांगितलं की आता आठवड्याला दोनदा येऊ नकोस, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. माझं उत्पन्न त्यांच्याकडून चौथ्या हिश्श्यावर आलं. ट्रेनरचं पोट रिन्यूअलवर चालतं, आणि पॅकेजची रचनाच अशी असते की क्लायंटला आपली गरज लागत राहणं आपल्या सोयीचं. मी त्या महिन्यापासून नव्या क्लायंटसाठी पॅकेज बदललं. पहिले तीन महिने दाट सेशन्स, पुढचे तीन महिने विरळ, सगळं सुरुवातीलाच ठरलेलं. ध्येयाचा रकाना आता पहिल्या दिवशी रिकामा ठेवते. घरचं कुणी पैसे भरत असेल तर त्यांना काय कळवायचं हे क्लायंट ठरवते, आणि गोळ्यांवर असलेल्या कुणाचीही साखर तपासणं मी आपल्या मनानं बंद करत नाही.

मागच्या खेपेला गेले तेव्हा खाकी कव्हरची वही टेबलावर उघडी होती. शंभर पानं संपत आली आहेत. शेवटच्या पानावर होतं :

'सोमवार : कुकर, दोन्ही वेळा. मंगळवार : नाही. बुधवार : नाही. गुरुवार : फेऱ्या १५ मि., जिना २. शुक्रवार : नाही. शनिवार : जमिनीवर बसून भाजी निवडली. उठले.'